गराज सेलला पहिल्यांदा जाताना

आमचं जेवणाचं टेबल ४० डॉलरचं आहे, सहा खुर्च्यांसकट. ओकचं, भरीव लाकडाचं, पाहुणे आले की मधे फळी टाकून लांब होतं. ज्या आजींकडून घेतलं त्यांनी आधी सांगितलं की एका खुर्चीचा पाय डुगडुगतो, आणि मग किंमत सांगितली. दुकानात असं कोणी करत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात तर नाहीच नाही.

हा लेख अमेरिकेत नुकते आलेल्यांसाठी आहे. दोन-दोन बॅगा घेऊन उतरलात, हॉलमध्ये हवेची गादी टाकून झोपताय, आणि शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या खांबाला पुठ्ठ्याची "यार्ड सेल" (घरातल्या जुन्या सामानाची अंगणातली विक्री) अशी पाटी दिसली की मनात येतं, "आपण गेलेलं चालेल का?" चालतं. ओळख लागत नाही, काही घ्यायलाच हवं असंही नाही. मी सिनसिनाटीत राहते, त्यामुळे उदाहरणं ओहायोतली येतील, पण रीत साधारण सगळीकडे हीच.

जुन्या बाजाराचं नाव मुद्दाम काढलं. बुधवार-रविवारी तिथे फिरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला जुन्या वस्तू घ्यायची सवय आहे. पण तिथे विकणारा व्यापारी असतो, तुमचा चेहरा बघून भाव ठरवतो. इथे विकणारा त्या वस्तूचा मालक असतो, आणि त्याला गॅरेजमध्ये गाडी लावायची असते. बायकोनं तीन वर्षं भुणभुण केल्यावर त्यानं अखेर हे सामान बाहेर काढलंय. त्याला पैशांपेक्षा जागा हवी आहे. केव्हा जायचं, किती सांगायचं, काय बोलायचं नाही, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

पाटी वाचायला शिका

यार्ड सेल आणि गराज सेल यांत काही फरक नाही. एक अंगणात, एक गॅरेजच्या तोंडाशी. कनेटिकटकडे यालाच टॅग सेल म्हणतात, ब्रुकलिनमध्ये घरासमोरच्या पायऱ्यांवर सामान मांडतात म्हणून स्टूप सेल. चर्चच्या तळघरात भरतो तो रमेज सेल. तिथे शेवटच्या दोन तासांत बरेचदा "बॅग सेल" असतो, म्हणजे एक पिशवी ठासून भरा आणि दोन-चार डॉलर द्या. लहान मुलांचे कपडे घ्यायला यापेक्षा बरी जागा मला माहीत नाही.

"मल्टी-फॅमिली" लिहिलं असेल तर दोन-चार घरांचं सामान एकत्र असतं, गाडी वळवायला हरकत नाही. "कम्युनिटी सेल" म्हणजे अख्ख्या वसाहतीचा एकाच दिवशी. नवख्यांनी सुरुवात इथून करावी. गाडी एका जागी लावायची आणि पायी २०-३० घरं फिरायची. पहिल्या घरी वाटणारा संकोच पाचव्या घरापर्यंत गळून पडतो.

"मूव्हिंग सेल" दिसला की मात्र थांबायचंच. ट्रक सोमवारी येणार असतो आणि सोफा त्यात बसणार नसतो. महिनाअखेरीस असे सेल वाढतात, विद्यापीठाच्या गावात मे महिन्यात तर रस्त्यावरच फर्निचर पडलेलं असतं. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही लक्ष ठेवा. भारतात परत जाणारी कुटुंबं तिथेच सामान काढतात, आणि इथल्या विजेवर चालणारा आपल्याकडचा मिक्सर किंवा पुरणयंत्र अमेरिकन माणसाच्या गॅरेजमध्ये कधीच मिळणार नाही.

"इस्टेट सेल" हे वेगळंच प्रकरण आहे. त्याच्याकडे नंतर येते.

गुरुवारी रात्री

फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्ट आणि नेक्स्टडोर या तीन संकेतस्थळांवर आपला पिनकोड टाकून शोधा. इस्टेट सेलसाठी इस्टेटसेल्स डॉट नेट, तिथे घरातल्या खोलीन् खोलीचे फोटो असतात. फोटोत पुढे ठेवलेल्या वस्तूपेक्षा मागचं शेल्फ मोठं करून बघा. चांगलं सामान बहुतेक वेळा मागेच दिसतं, कारण फोटो काढणाऱ्याला ते महत्त्वाचं वाटलेलं नसतं.

मग रस्ता आखा. माझा अंदाज असा: नव्या वसाहतीत तरुण कुटुंबं राहतात, तिथे खेळणी, सायकली, स्ट्रोलर, लहान मुलांचे बूट. १९५०-६०च्या सुमारास बांधलेल्या जुन्या वस्तीत स्वयंपाकघर, हत्यारं, खरं लाकूड, बिडाची भांडी. आपल्याला काय हवंय त्यावर दिशा ठरवायची. एका सकाळी सहा-सात सेल पुरतात. यादीत पंधरा ठेवलीत तर कुठेच नीट बघणं होत नाही आणि गाडीत भांडणं होतात.

हंगाम आमच्याकडे एप्रिल ते ऑक्टोबर, त्यातही मे आणि जून जोराचे. थंडीत फक्त इस्टेट सेल चालू राहतात, कारण ते घराच्या आत असतात.

जाता जाता एका जत्रेबद्दल सांगते, कारण कोणी ना कोणी तुम्हाला तिचं नाव सांगेलच. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारपासून रविवारपर्यंत हायवे १२७च्या काठानं एक सेल भरतो. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत ६९० मैल, सहा राज्यांतून. १९८७ मध्ये टेनेसीतल्या जेम्सटाउनच्या बाजूनं हे सुरू झालं. इंटरस्टेटवरून सुसाट जाणारी माणसं छोट्या गावांत उतरावीत, ही कल्पना. आमच्याकडे तो ओहायोच्या पश्चिम कडेनं हॅमिल्टनवरून उतरतो आणि नदीपलीकडे केंटकीतल्या कोव्हिंग्टनकडे जातो. मजा येते, पण पहिला अनुभव म्हणून जाऊ नका. शेतांत तंबू ठोकून बसलेले बरेचसे विक्रेते धंदेवाईक असतात. त्यांना जागा नको, पैसेच हवे असतात. म्हणजे पुन्हा जुना बाजारच.

बरोबर काय न्यायचं

सुटे पैसे. एक डॉलरच्या २० नोटा, पाचच्या चार, आणि मूठभर क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी. सकाळी आठ वाजता ५० सेंटच्या गाळणीसाठी २० डॉलरची नोट पुढे करणं म्हणजे एसटीत पहिल्याच थांब्यावर कंडक्टरला पाचशेची नोट देणं. हल्ली बरेच जण व्हेन्मो किंवा झेलवर पैसे घेतात, पण टेबलामागे ऐंशी वर्षांचे आजोबा बसले असतील तर रोखच द्या.

शिवाय मोजायची टेप. आपल्या गाडीच्या डिकीचं आणि अपार्टमेंटच्या दाराचं माप आदल्या दिवशी घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा. आम्ही एक पुस्तकांचं कपाट आनंदानं विकत घेतलं, ते जिन्याच्या वळणावर अडलं, आणि शेवटी त्याच जिन्याखाली शेजाऱ्याला देऊन टाकलं. दोन जुन्या चादरी, वर्तमानपत्रं, दोरी, ओले टिश्यू, खेळण्यांत घालून बघायला दोन-चार बॅटऱ्या, आणि एक लहानसा लोहचुंबक. चुंबक कशाला ते पुढे कळेल.

वेळ आठची लिहिली असेल तर आठलाच जायचं. "नो अर्ली बर्ड्स" असं पाटीवर असेल तर ते कळकळीनं लिहिलेलं असतं. पहाटे साडेसहाला टॉर्च घेऊन येणारे दलाल त्यांनी पूर्वी भोगलेले असतात. चांगली वस्तू हवी असेल तर वेळेवर जा, स्वस्त हवी असेल तर अकरानंतर. दोन्ही एकाच फेरीत मिळत नाही. बारा वाजता उन्हानं वैतागलेला मालक तीच खुर्ची निम्म्यात देतो, कधी कधी "फ्री" असं लिहून फुटपाथजवळ ठेवतो. ती घेतली तर कोणी नावं ठेवत नाही.

ड्राइव्हवेवर

गाडी कोणाच्याही ड्राइव्हवेसमोर आडवी लावू नका, शेजाऱ्याच्या तर नाहीच. उतरल्यावर आधी "गुड मॉर्निंग". आपल्याकडे दुकानदाराला नमस्कार करायची पद्धत नाही, आपण थेट "हे कसं दिलं?" विचारतो. इथे तुम्ही कोणाच्या तरी अंगणात उभे आहात. हवेबद्दल एक वाक्य बोलायचं आणि मग टेबलांकडे वळायचं.

पहिली फेरी फक्त डोळ्यांनी, भराभर. आवडलेली वस्तू हातात घ्यायची. जी हातात आहे ती तुमची, जी टेबलावर ठेवून तुम्ही दुसरीकडे गेलात ती पुढच्याची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूकडे आशाळभूतपणे बघत उभं राहायचं नाही. मोठी वस्तू असेल तर लगेच पैसे देऊन तिच्यावर "सोल्ड"ची चिठ्ठी लावायला सांगा, मग निवांत गाडी आणा.

आता घासाघीस. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण आपली माणसं इथेच चुकतात.

माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. लक्ष्मी रोडवर आयुष्य गेलेलं. एका अंगणात त्यांना रॉकेलचा जुना कंदील दिसला, चिकटपट्टीवर २ डॉलर लिहिलेले. बाबांनी कंदील फिरवून बघितला, काच वाजवली, तोंड वाकडं केलं, "कॉर्नर इज ब्रोकन," आणि म्हणाले, "फिफ्टी सेंट्स." मग ठरल्याप्रमाणे चार पावलं चालत गेले, मागून हाक येईल म्हणून. हाक आली नाही. टेबलामागची बाई गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "इट वॉज माय ग्रँडफादर्स." तिला बाबांचा राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. मी २ डॉलर दिले आणि कंदील घेतला. बाबा गाडीत पुटपुटत होते, "भाव कमी करायची ही कुठली पद्धत, खोट काढायचीच नाही म्हणजे काय!"

पण पद्धत तीच आहे. खोट काढायची नाही. तुळशीबागेत वस्तूला नावं ठेवणं हा खेळाचा भाग असतो, दुकानदारालाही ते ठाऊक असतं. इथे ती वस्तू त्यांच्या घरात तीस वर्षं राहिलेली असते. त्यामुळे एक-दोन डॉलरच्या वस्तूवर घासाघीस करूच नका. पाचच्या पुढे असेल तर हसून विचारा: "वुड यू टेक थ्री फॉर दिस?" किंवा त्याहून सोपं, "इज दॅट युअर बेस्ट प्राइस?" नाही म्हणाले तर ती किंमत द्या किंवा "थँक यू" म्हणून ठेवून द्या. जायचं नाटक नको.

सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे एकत्र घेणं. चार-पाच वस्तू गोळा करून एकदम टेबलावर ठेवा आणि विचारा, "कुड यू डू टेन फॉर ऑल ऑफ धिस?" बेरीज १४ झाली असेल तरी बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीनं पाच वस्तू घरातून गेल्या. वर एखादं पुस्तक फुकट टाकतात. पाटीवर "ओबीओ" (ऑर बेस्ट ऑफर) असेल तर कमी रक्कम चालते, "फर्म" असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका.

काय घ्यावं

बर्फ उपसायचं फावडं, बूट, जाड कोट. पहिल्या हिवाळ्याच्या आधी, म्हणजे सप्टेंबरात. मुलांच्या सायकली, कारण मूल दोन वर्षांत उंच होतं. पुस्तकं, हत्यारं, बागेची अवजारं. हे सगळं डोळे झाकून.

लाकडी फर्निचरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून बघा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकलेले असतील तर वस्तू टिकाऊ आहे. भुसा दाबून केलेली फळी आणि स्टेपलरच्या पिना दिसल्या तर एका घरबदलात ती मोडेल. चांदीसारखं काही दिसलं तर मागे "स्टर्लिंग" किंवा ९२५ शोधा. चुंबक चिकटला तर ती चांदी नाही, चर्चाच नको.

कोरेल. १९७० पासून बाजारात आलेल्या या हलक्या, पातळ ताटल्या इथल्या मराठी घरांत देव्हाऱ्याइतक्या ठरलेल्या. सेलमध्ये सहा-आठचा संच अगदी थोडक्यात मिळतो. मी साध्या पांढऱ्या घेते. जुन्या काळच्या रंगीत नक्षीत शिसं असू शकतं, आणि रोज गरम वरण त्यावर वाढायचं म्हटल्यावर तो धोका कशाला?

वस्तू उलटी करून खाली बघायची सवय लावून घ्या. १८९०च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्यानंतर अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे बुडावरचा शिक्का बरंच सांगतो. "ऑक्युपाइड जपान" असेल तर ती कपबशी १९४५ ते १९५२ या काळातली. आणि आमच्या सिनसिनाटीची खासियत म्हणजे रुकवुड. १८८० मध्ये मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी हा मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. १८८६ पासून खाली उलटा आर आणि पी पाठीला पाठ लावून कोरलेले असतात, आणि पुढे दरवर्षी त्याभोवती एक ज्योत वाढत जाते. १९०० साली चौदा ज्योती झाल्या, मग जागा संपली म्हणून पुढच्या वर्षापासून खाली रोमन आकड्यांत साल येऊ लागलं. मी किती फुलदाण्या उलट्या केल्या असतील याचा हिशोब नाही. एकदाच सापडली, रोमन २८ची, मानेला टवका गेलेली. त्या टवक्यामुळेच मला परवडली.

काय घेऊ नये

पाळणा घेऊ नका. एक बाजू खाली सरकणारे पाळणे बाळं अडकून दगावल्यामुळे जून २०११ पासून विकायला बंदी आहे, पण गॅरेजमध्ये ते अजून असतात आणि मालकालाही ठाऊक नसतं. बाळाची कारसीटही नको. तिच्यावर मुदत छापलेली असते, आणि ती अपघातातून गेली आहे का हे बघून कळत नाही. हेल्मेटचं तेच. १९७८च्या आधी घरच्या रंगांत आणि खेळण्यांच्या रंगांत शिसं चालायचं, म्हणून जुनी रंगवलेली लाकडी खेळणी शोभेला ठेवा, मुलाच्या तोंडात नको. शंका आली तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर वस्तूचं नाव आणि मॉडेल टाका, परत मागवलेल्या मालाची यादी तिथे असते.

गादी कितीही चांगली दिसली तरी नाही. कापडी सोफा घ्यायचाच असेल तर उशा उचलून शिवणीत टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले की हसून निरोप घ्या. ढेकूण घरात आले की त्यांना घालवायचा खर्च नव्या सोफ्याहून जास्त येतो.

विजेची वस्तू तिथेच लावून बघायची. एक्स्टेंशन कॉर्ड मागायला लाजू नका, सगळे देतात. मी एक राइस कुकर "चालतो" म्हटल्यावर तसाच घेतला. चालत होता. बंद होत नव्हता. भात काळा झाल्यावर कळलं. आणि इथला मिक्सर-टोस्टर भारतात न्यायचा बेत असेल तर तो सोडा. इथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. आईकडे नेऊन पहिल्याच दिवशी धूर निघेल.

इस्टेट सेल

घरातला माणूस गेला, किंवा वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहायला गेला, की मुलं अख्खं घर तसंच उघडतात. चमच्यापासून पियानोपर्यंत सगळ्याला चिठ्ठी लागते. बरेचदा हे काम एखादी कंपनी घेते आणि विक्रीतला वाटा कापून घेते, म्हणून इथे भाव गराज सेलपेक्षा चढे असतात. पण उतरण ठरलेली असते: साधारण शुक्रवारी पूर्ण किंमत, शनिवारी काही टक्के कमी, रविवारी निम्म्यात. शुक्रवारी दलालांची रांग असते आणि दारात रांगेचे नंबर वाटतात. आपल्याला काही खास नको असेल तर रविवारी दुपारी जायचं.

दारात मोठी पिशवी ठेवून घेतात. चपला काढू नका, मी पहिल्यांदा काढल्या होत्या आणि एका पोरानं त्या विकायच्या समजून उचलल्या. बंद दाराच्या खोलीत जायचं नाही. उघडं आहे ते सगळं बघायचं: स्वयंपाकघराचे खालचे खण, चादरींचं कपाट, तळघर, आणि सर्वात शेवटी गॅरेज. हळू आवाजात बोला. त्या घरातली मुलगी कदाचित कोपऱ्यात उभी असते.

आपल्या माणसांना इथे पाय टाकणं जड जातं हे मला माहीत आहे. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा गाडीतून उतरलीच नाही. "गेलेल्या माणसाचं सामान घरात आणायचं? मी नाही येणार." उकाडा असह्य झाला तेव्हा आली, दारातच थांबली. मी तळघरात गेले. परत आले तर आई शिवणकामाच्या खोलीत एका खणासमोर उभी. खणात जुन्या कपड्यांतून ओढून काढलेलं इलॅस्टिक पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून ठेवलेलं, आणि प्रत्येकावर पेन्सिलनं माप: २२ इंच, ३० इंच, "चांगलं आहे". आई स्वतः फाटक्या परकरांच्या नाड्या अशाच जपून ठेवते. तिनं एक पुठ्ठा उचलला, ताणून बघितला, पुन्हा नीट गुंडाळला. "कामसू बाई होती," म्हणाली. चिठ्ठीवर अख्ख्या खणाला १ डॉलर लिहिलं होतं. आईनं तो स्वतः दिला. गाडीत म्हणाली, "घरी गेल्यावर मी आंघोळ करणार, तूही कर." आम्ही दोघींनी केली. इलॅस्टिक अजून संपलेलं नाही.

त्याच घराच्या तळघरात प्लॅस्टिकची फुलं खोचलेली एक "फुलदाणी" होती, १२ डॉलरची, रविवार म्हणून सहाला. फुलं काढली तर पितळेची कळशी निघाली, बुडाला "इंडिया" असा शिक्का. ती कोण्या घाटावरून ओहायोच्या तळघरात कशी आली, हे विचारायला तिथे कोणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर

कपडे थेट गरम पाण्यात आणि मग ड्रायरमध्ये कडक तापमानावर. लाकूड पुसून दोन दिवस गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत. काच आणि चिनी माती साबणानं.

राहता राहिला बिडाचा तवा, आणि माझ्या मते अख्ख्या सेलमधली सर्वात मोलाची वस्तू तीच. इथल्या तव्याला स्किलेट म्हणतात, दांडा जोडलेला असतो. खाली ग्रिस्वोल्ड आणि ईरी हे नाव असेल तर पेन्सिल्व्हेनियाचा, वॅग्नर आणि सिडनी असेल तर आमच्याच ओहायोचा. लॉज ही टेनेसीची कंपनी १८९६ पासून आजही तवे करते. जुन्या ग्रिस्वोल्ड-वॅग्नरचं पोट घासून गुळगुळीत केलेलं असतं, वजनही कमी. गंजलेला असेल तर मालक दोन-तीन डॉलरला देतो, कारण त्याला तो वाया गेलेला वाटतो. घेण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवा. घंटेसारखा वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे. सपाट जागेवर ठेवून फिरवा. भोवऱ्यासारखा फिरला तर बूड वाकलंय, आणि काचेच्या शेगडीवर तो बसणार नाही. पूर्वी मासेमारीची वजनं ओतायला लोक असल्या तव्यांत शिसं वितळवायचे. आत राखाडी डाग चिकटलेले दिसले तर सोडून द्या, किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या शिशाच्या चाचणीनं तपासा.

घरी आणून तारेच्या काथ्यानं घासा. गंज हटत नसेल तर निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यांत अर्धा तास ठेवा, त्याहून जास्त नको, व्हिनेगर लोखंड खातं. साबणानं धुवा, लगेच शेगडीवर ठेवून कोरडा करा. गरम असतानाच तेलाचा हात फिरवा आणि मग फडक्यानं इतका पुसा की तेल लावलंच नाही असं वाटावं. जास्त तेल राहिलं तर चिकट थर बसतो. ओव्हनमध्ये उपडा घाला, ४५० फॅरनहाइटवर एक तास, आणि आतच गार होऊ द्या. हे तीनदा करा. खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजेल.

मग तांदळाच्या पिठाची घावनं. पहिलं चिकटेल, दुसरं कडेला फाटेल. ती ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाका आणि तिसरं घालायच्या आधी अर्ध्या कांद्यानं तव्याला पुन्हा तेल चोळा.